मणक्याचं फ्यूजन करून घरी आल्यावर: दुखणं आधी थांबतं, हाड नंतर जुळतं

प्रश्न थोडक्यात असा: कमरेच्या एल-४ आणि एल-५ या मणक्यांचं फ्यूजन (दोन मणके जुळून एक व्हावेत म्हणून केलेलं ऑपरेशन) होऊन आठवडा झाला, चौथ्या दिवशी घरी सोडलं. हातात दिलेल्या कागदावर ‘वाकू नका, वजन उचलू नका, कंबर पिळू नका’ एवढंच लिहिलं आहे. मग उठायचं कसं, संडास-अंघोळीचं काय, आणि स्वतःचं सगळं स्वतः कधी करता येईल?

आधी आत काय झालंय ते समजून घ्या, म्हणजे पथ्यं पाठ करावी लागणार नाहीत. फ्यूजन ऑपरेशनच्या टेबलावर होत नाही, तिथे फक्त त्याची तयारी होते. सर्जन बहुतेक वेळा दोन मणक्यांमधली चकती काढून तिथे केज (जागा धरून ठेवणारा पोकळ ठोकळा) बसवतात, हाडाचा चुरा भरतात आणि स्क्रू-रॉडने दोन्ही मणके एकमेकांना जखडून टाकतात. जुळणं सुरू होतं ते त्यानंतर, घरी. साधारण ३ महिन्यांनी एक्स-रेत नवं हाड धरू लागलेलं दिसतं. ते पक्कं व्हायला ६ ते १२ महिने लागतात, काहींना त्याहूनही जास्त. तोवर भार स्क्रू आणि रॉड सोसतात. नव्या स्लॅबखाली सेंटरिंगचे टेकू असतात ना, तसंच हे. टेकू कायमचा भार वाहण्यासाठी नसतात. हाड जुळलंच नाही, तर धातू कितीही भक्कम असो, कधी ना कधी स्क्रू हाडात सैल होतो किंवा रॉड तुटतो.

गोम अशी की दुखण्याचं वेळापत्रक हाडाच्या वेळापत्रकाशी जुळत नाही. टाके १० ते १४ दिवसांत निघतात, पाठीच्या स्नायूंचा ठणका तीन-चार आठवड्यांत बराच उतरतो आणि सहाव्या आठवड्याच्या आसपास पुष्कळांना वाटतं, आता मला काही झालेलंच नाही. नेमकं तेव्हा हाड कोवळं असतं. पहिल्या आठवड्यात सहसा कुणी चूक करत नाही, कारण दुखणं करू देत नाही. खऱ्या चुका सहाव्या ते बाराव्या आठवड्यात होतात: खाली पडलेलं काहीतरी पटकन उचललं, गादी सरकवली, मूल कडेवर घेतलं. याच्या उलट चूक म्हणजे भीतीपोटी पडून राहणं. त्याने पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, छातीत कफ साठतो, पोट साफ होत नाही आणि मांड्यांची ताकद भराभर जाते. हाडाला भार लागतोच. तो चालण्यातून मिळणारा उभा, सरळ भार असावा, वाकलेला-पिळलेला नसावा.

पुढे दिलेले आकडे एक किंवा दोन पातळ्यांच्या (एक पातळी म्हणजे जोडलेल्या मणक्यांची एक जोडी), गुंतागुंत न झालेल्या फ्यूजनसाठी सर्वसाधारण आहेत. किती मणके जोडले, हाडाची घनता किती, ऑपरेशन पुढून केलं की मागून, यावर ते बदलतात. तुमच्या सर्जननी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

वजनाचं गणित एकदा करून बघा. बऱ्याच ठिकाणी पहिल्या ६ आठवड्यांसाठी ३ ते ५ किलोची मर्यादा देतात, पण किलोचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. पाठीचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम ५ सेंटिमीटर मागे असतात. २ किलोची वस्तू हात लांब करून ५० सेंटिमीटरवर धरली, तर ती तोलायला त्या स्नायूंना सुमारे २० किलोइतका ताण द्यावा लागतो. तीच वस्तू पोटाजवळ, १५ सेंटिमीटरवर धरली तर ६ किलोचा. या ताणाचा भार स्क्रूंवरही येतो. आता पुढे वाकण्याचं बघा: डोकं, हात आणि धड मिळून शरीराचं निम्म्याहून जास्त वजन होतं. कमरेतून वाकलात की हे सगळं लांब धरलेल्या वस्तूसारखं लटकतं. म्हणून जमिनीवरचा कागद उचलायला वाकणं हेही ‘वजन उचलणं’च आहे, कागद कितीही हलका असला तरी. पाण्याने भरलेली १० लिटरची बादली १० किलोची होते, हेही ध्यानात असू द्या. पाणी हलकंच वाटतं बघा.

आता उठणं. दिवसात आठ-दहा वेळा करायची ही क्रिया. ती बरोबर बसली की निम्मं काम झालं. मुळात पलंगाच्या कडेच्या जवळच झोपा. उताणं असताना एकेक करून दोन्ही गुडघे वाकवा, तळपाय गादीवर टेकवा. पोट हलकेच आत घ्या, श्वास रोखू नका. ज्या बाजूला उठायचं त्याच्या विरुद्ध हात छातीवरून अलीकडे आणा आणि खांदे, कंबर, गुडघे तिन्ही एकाच वेळी वळवून कुशीवर या, ओंडका लोटावा तसं. मग गुडघ्यापासून खालचे पाय कडेबाहेर सोडा आणि त्याच क्षणी खालच्या हाताचं कोपर व वरच्या हाताचा तळवा गादीवर दाबून वर या. पाय खाली जातात त्याच्या वजनानेच धड वर उचललं जातं. तराजूच्या दोन पारड्यांसारखं. पाय आधी सोडून मग थांबलात तर हा फायदा जातो आणि सगळा जोर कमरेवर येतो. बसल्यावर एक-दोन मिनिटं तिथेच थांबा, दुखण्याच्या गोळ्यांनी आणि पडून राहिल्याने उभं राहताच चक्कर येऊ शकते.

चुकतं कुठे? खांदे आधी वळतात आणि कंबर मागे राहते, हा पीळ. गुडघ्यांमध्ये उशी धरून वळलात तर तो बराच टळतो. दुसरं, घरचं माणूस हात पुढे करतं आणि तुम्ही त्याला धरून स्वतःला ओढून घेता. त्यात तुमची कंबर गोल होते, आणि बऱ्याचदा त्या माणसाच्या कंबरेतही उसण भरते. मदत करायचीच तर एक हात खांद्यामागे आणि एक गुडघ्यांमागे, फक्त वळायला, ओढायचं नाही. झोपताना सगळं याच क्रमाने उलटं. पलंगावर आधी गुडघा टेकवून रांगत चढणं टाळा.

झोप कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी घालून. किंवा उताणी, गुडघ्यांखाली उशी घालून. पालथं नको. जमिनीवरचं अंथरूण पहिले ६ ते १२ आठवडे बाजूला ठेवा. जमीन कडक आहे ही अडचण नाही, तिथून उठायला जे वाकावं लागतं ती आहे.

खुर्ची हातांची हवी, आणि बसल्यावर खुबे गुडघ्यांपेक्षा किंचित वर राहतील इतकी उंच. मध्यम उंचीच्या माणसाला ४५ ते ५० सेंटिमीटर. मऊ, खोल सोफा म्हणजे सापळा. उठताना कडेला सरका, पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे घ्या, पाठ सरळ ठेवून खुब्यातून पुढे झुका आणि पायांच्या जोरावर उठा, हात खुर्चीच्या हातांवर दाबून. वॉकरला धरून स्वतःला ओढू नका, तो उलटतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एका वेळी २० ते ३० मिनिटांपेक्षा जास्त बसू नये. अनेकांना चालण्यापेक्षा बसूनच जास्त दुखतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

संडासचा प्रश्न लोक विचारायला लाजतात, आणि घरी आल्यावर पहिल्याच दिवशी तिथेच अडतात. उकिडवं बसल्यावर कंबर पूर्ण गोल होते, तेव्हा ते सध्या बंद. उकिडवं बसायचा संडास असेल तर त्यावर ठेवायची कमोड-खुर्ची मिळते. कमोड असेल तर त्याची उंची साधारण ४० सेंटिमीटर असते. त्यावर १० सेंटिमीटरची उंची वाढवणारी सीट बसवा, हातांची मिळाली तर उत्तम. भिंतीला धरायला दांडा असावा. टॉवेल अडकवायच्या दांड्यावर भरवसा ठेवू नका, तो माणसाचं वजन पेलायला बसवलेला नसतो. धुताना-पुसताना मागे हात नेऊन वळलात तर तो थेट पीळ आहे. पाय थोडे फाकवून, धड सरळ ठेवून, हात पुढून न्या. पोचत नसेल तर लांब दांड्याचं साधन मिळतं. हे सगळं ऑपरेशनच्या आधी एकदा करून बघितलेलं असलं की बरं.

पोट साफ न होणं हा पहिल्या दोन आठवड्यांतला सगळ्यात हमखास त्रास. ट्रॅमाडॉल आणि त्या जातीच्या दुखण्याच्या गोळ्या आतडं मंद करतात, त्यात चालणं कमी, पाणी कमी. सौम्य रेचक त्या गोळ्यांबरोबर पहिल्या दिवसापासूनच सुरू असावं. चार दिवस तुंबल्यावर घेतलं तर फार उशीर होतो. डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातली नसेल तर दिवसाला दोन लिटरच्या आसपास पाणी प्या. कुंथताना श्वास धरू नका, तोंडाने सोडत राहा. तीन दिवस काहीच झालं नाही तर फोन करा.

अंघोळ कधी, हे ड्रेसिंगवर ठरतं. पाणी न शिरणारं ड्रेसिंग असेल तर बऱ्याचदा काही दिवसांतच परवानगी मिळते. टब, पोहणं, जखम भिजत ठेवणारं काहीही, जखम पूर्ण भरून डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही. साधारण ४ ते ६ आठवडे. बसून अंघोळ करा. स्टुलाच्या पायांना रबरी बुच हवेत, खाली न घसरणारी चटई हवी. बादली जमिनीवर ठेवलीत तर प्रत्येक तांब्याला वाकणं आलं. म्हणून बादली दुसऱ्या स्टुलावर, मांडीच्या उंचीला, बाजूला नव्हे तर समोर. आणि ती तिथे दुसऱ्याने भरून ठेवायची. पावलं धुवायला लांब दांड्याचा ब्रश. साबण हातातून निसटला तर निसटू द्या.

दात घासताना बेसिनवर ओणवं होण्याऐवजी पेल्यात चूळ टाका. एक पाऊल बेसिनखालच्या १०-१५ सेंटिमीटर उंच पाटावर ठेवलं की कंबर सैल राहते. ओट्याशी उभं राहतानाही हेच करा, दर काही मिनिटांनी पाय बदलून. शिंक-खोकला आला तर उशी पोटाशी घट्ट कवटाळा, किंवा भिंतीला हात लावून ताठ उभे राहा. शिंकताना पुढे वाकणं ही सवय असते, ती मोडावी लागते.

कपडे बसून घाला. विजारीत आधी दुखरा पाय (नस दबल्याने ज्यात कळ येते तो), काढताना तो शेवटी. चिमटा लावलेली लांब काठी, लांब शू-हॉर्न आणि मोजे चढवायचं साधन, या तीन वस्तू आधीच आणून ठेवा. त्यातली चिमट्याची काठी इतकी कामाला येते की दोन घ्याव्यात, एक पलंगाशी आणि एक स्वयंपाकघरात. पादत्राण मागून बंद, बिनलेसचं. नुसती अंगठ्याची सपाता पायातून निसटते, आणि पडणं हा या काळातला सगळ्यात महाग अपघात. सुटे गालिचे, वायरी, रात्रीचा अंधार, ओली फरशी आणि पायात घोटाळणारं मांजर: घरी यायच्या आधी यांचा बंदोबस्त करा.

कमरेला आधार देणारा बेल्ट सगळ्यांना लागत नाही; काही सर्जन देतात, काही मुद्दाम देत नाहीत. दिला असेल तर पातळ सुती बनियनवर बांधा आणि रोज कातडी लाल झाली आहे का ते आरशात किंवा दुसऱ्याकडून बघून घ्या. बेल्ट बांधलाय म्हणून वाकायची मुभा मिळत नाही. बंद करायला सांगतील तेव्हा एकदम न सोडता रोज तास-दोन तास कमी करत न्या.

चालणं हाच पहिल्या ६ आठवड्यांचा खरा व्यायाम. पहिल्या आठवड्यात एका वेळी ५ मिनिटं, दिवसातून ५-६ वेळा. मग दर दोन दिवसांनी प्रत्येक फेरीत एक-दोन मिनिटं वाढवा. सहाव्या आठवड्यापर्यंत बरेच जण सलग ३० मिनिटांवर येतात. सपाट जागा घ्या. ‘आज बरं वाटतंय’ म्हणून दुप्पट चालायचं आणि मग दोन दिवस आडवं व्हायचं, हा खेळ जवळपास सगळे खेळतात. त्यात आठवडा फुकट जातो. किती चालायचं ते आदल्या रात्री ठरवा आणि बरं वाटलं तरी तेवढंच चाला. वाढवलेलं झेपलं की नाही ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं: दुखणं नेहमीच्या पातळीवर असेल तर चालू ठेवा, वाढलेलं असेल तर दोन पायऱ्या मागे या. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, कठडा धरून.

पडल्या पडल्या घोटे वरखाली करणं, मांडीचे आणि ढुंगणाचे स्नायू आवळून सोडणं, पोटाने खोल श्वास घेणं, हे पहिल्या दिवसापासून चालतं. यापुढचं काही व्हिडिओ बघून करू नका. विशेषतः पोटाचा व्यायाम म्हणून उताणं पडून धड उचलणं आणि पायाचे अंगठे धरणं.

पायाच्या कळेबद्दल थोडं सविस्तर, कारण तिथे माणसं सगळ्यात जास्त धास्तावतात. ऑपरेशननंतर पायातली कळ एकदम गायब झाली आणि आठवड्याभरात थोडी परतली, तर बहुधा ती नसेभोवतीच्या सुजेमुळे असते. वर्षानुवर्षं दबलेली नस मोकळी झाल्यावर मुंग्या, चमका, आग होणं हे प्रकार काही आठवडे चालतात. साधारणपणे आधी कळ जाते, मग ताकद येते, बधिरपणा सगळ्यात शेवटी. इजा झालेली नस दिवसाला सुमारे १ मिलिमीटरने वाढते. कमरेपासून पावलापर्यंतचं अंतर डोळ्यांपुढे आणा म्हणजे अंगठ्याचा बधिरपणा महिनोन्‌महिने का रेंगाळतो ते कळेल. पण ताकद कमी होत चालली असेल, म्हणजे काल पाऊल उचलत होतं आणि आज फरशीला घासतंय, तर ही सबुरीची बाब नाही. त्याच दिवशी दाखवा.

गोळ्या ठरल्या वेळी घ्या, दुखणं चढायची वाट बघू नका; पहिले दहा-बारा दिवस तरी. सकाळच्या उठण्याच्या आणि अंघोळीच्या अर्धा-पाऊण तास आधीची गोळी फार उपयोगी पडते. पॅरासिटामॉलचा हिशेब ठेवा: प्रौढांना २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर कधीच नाही, आणि पुष्कळ डॉक्टर ३ ग्रॅमवरच थांबायला सांगतात. ट्रॅमाडॉलच्या कित्येक जोडगोळ्यांमध्ये आणि सर्दीच्या गोळ्यांमध्ये ते आधीच असतं, तिथे हिशेब चुकतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक जातीच्या गोळ्या हाड धरण्यात आड येऊ शकतात, म्हणून अनेक सर्जन काही आठवड्यांपासून ३ महिन्यांपर्यंत त्या टाळायला सांगतात. जुन्या डब्यातली गोळी विचारल्याशिवाय घेऊ नका. प्रेगाबालिन किंवा गाबापेंटिन (नसांच्या कळेवरची औषधं) चालू असेल तर ते स्वतःहून एकदम बंद करू नका, मात्रा उतरवत न्यावी लागते.

तंबाखू, मग ती ओढायची असो की चघळायची, फ्यूजनची सगळ्यात मोठी वैरीण. निकोटिनने हाडाकडे जाणारा रक्तपुरवठा आकसतो आणि न जुळण्याचा धोका वाढतो. म्हणूनच काही सर्जन निकोटिनच्या च्युइंग गमलाही नाही म्हणतात. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवणं हे जखमेसाठी आणि हाडासाठी औषधाइतकंच महत्त्वाचं. प्रथिनं पुरेशी, ड जीवनसत्त्व कमी असेल तर भरून काढा.

आता घरच्यांसाठी. पहिल्या आठवड्यानंतर ‘तू पड, मी करतो’ हे वाक्य थोडं आवरतं घ्या. प्रत्येक कामाचे तुकडे पाडता येतात. मोजे चढवून द्यायचे नाहीत, मोज्याचं साधन हातात द्यायचं. जेवण वाढून आणून द्यायचं नाही. ताट, पेला, रोजची भांडी कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीत मांडून ठेवायची, मग माणूस स्वतः वाढून घेतं. जड भांडं उचलायचं नाही, ओट्यावरून सरकवायचं. कोणती कामं पूर्ण दुसऱ्याने करायची? केर काढणं, फरशी पुसणं, ओले कपडे पिळणं-वाळत घालणं, गाद्या घालणं. या चारही कामांत वाकणं आणि पिळणं एकत्र येतं, म्हणून ३ महिने तरी ती नकोत. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मन खचतं, विनाकारण चिडचिड होते, झोप मोडते. ते बहुतेकांचं होतं, आणि कुणी आधी सांगितलेलं नसतं. दोन-तीन आठवड्यांत निवळलं नाही तर डॉक्टरांशी बोला.

साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात, एक्स-रे बघून, फिजिओथेरपी नीट सुरू होते. तिथे शिकायची एकच गोष्ट निवडायची झाली तर मी खुब्यातून वाकणं निवडेन. एक सरळ काठी पाठीवर उभी धरा: ती डोक्याला, दोन खांद्यांच्या मध्ये आणि माकडहाडाच्या वर अशा तीन ठिकाणी टेकली पाहिजे. गुडघे थोडे सैल. आता मागे ठेवलेल्या खुर्चीला ढुंगण टेकवायला गेल्यासारखे खुबे मागे न्या. काठी तिन्ही ठिकाणी टेकलेली राहिली तर वाकणं खुब्यातून झालं. माकडहाडावरून सुटली तर कंबर गोल झाली, डोक्यावरून सुटली तर मान खाली गेली. सुरुवातीला जेमतेम २०-३० अंशच जमतं, आणि तेवढ्यावर बेसिन, ओटा, फ्रीजचा मधला कप्पा ही कामं सुटतात. एका पातळीचं फ्यूजन झाल्यावर वाकण्याची फारशी क्षमता जात नाही, कारण मुळात निम्म्याहून जास्त वाकणं खुबेच करत असतात. मांडीच्या मागचे स्नायू आखडलेले असतील तर मात्र खुबे अडतात आणि तो ताण वरच्या-खालच्या मोकळ्या मणक्यांवर जातो. म्हणून हे शिकणं.

गाडीत बसताना आधी पाठ सीटकडे करून बसा, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्या. सीटवर प्लास्टिकची पिशवी अंथरली की अंग सहज फिरतं, गाडी निघायच्या आत ती काढा. दर ३०-४५ मिनिटांनी उतरून चाला. गुंगी आणणाऱ्या गोळ्या चालू असेपर्यंत वाहन चालवणं नाही. चारचाकी साधारण ४ ते ६ आठवड्यांनी, जोरात ब्रेक दाबता येतोय याची उभ्या गाडीत खात्री करून. दुचाकीला जास्त थांबा, खड्ड्याचा दणका थेट मणक्यात जातो. बरेच डॉक्टर ३ महिने म्हणतात. बैठं काम ४ ते ८ आठवड्यांनी, आधी अर्धा दिवस. अंगमेहनतीचं ३ ते ६ महिन्यांनी. शरीरसंबंध बहुधा ४ ते ६ आठवड्यांनंतर, ज्याचं ऑपरेशन झालंय त्याने उताणं राहून, कंबर स्थिर ठेवून.

ताबडतोब दवाखाना गाठायचा तो यासाठी: लघवी तुंबणं किंवा कळत नसताना होणं, शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या आतली आणि गुदद्वाराभोवतीची जागा बधिर होणं. नसांच्या गुच्छावर दाब आल्याची ही चिन्हं आहेत, इथे तास मोजले जातात. तसंच पायाची नवी कमजोरी. एकाच पोटरीला सूज आणि ठणका. अचानक धाप लागणं किंवा छातीत दुखणं. ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप, जखमेतून पू, वाढती लाली, हे त्याच दिवशी कळवा. जखमेतून पाण्यासारखा स्वच्छ द्रव येत असेल, किंवा बसलं की डोकं भयंकर दुखतं आणि आडवं झालं की थांबतं, तर मेंदू-मज्जारज्जूभोवतालचं पाणी गळत असण्याची शक्यता असते; तेही लगेच.

मानेचं फ्यूजन असेल तर वरचं बरंचसं लागू पडतं, पण फरक आहेत. पुढून केलेलं असेल तर गिळायला त्रास आणि आवाज बसणं काही दिवस-आठवडे राहतं. ताठ बसून, मऊ आणि छोटे घास घ्या. गळ्याला वाढती सूज किंवा श्वास अडणं म्हणजे आणीबाणी. कॉलर (मानेचा पट्टा) लावल्यावर स्वतःची पावलं दिसत नाहीत, त्यामुळे जिन्यावर आणि उंबऱ्याशी लोक पडतात. खांद्याच्या वर हात नेऊन करायची कामं सुरुवातीला बंद. उलट लांबलचक, ओटीपोटाच्या हाडापर्यंत नेलेलं फ्यूजन असेल, तर पावलांपर्यंत पोचणं आणि संडासनंतरची स्वच्छता हे कायमच अवघड राहू शकतं. तिथे लांब दांड्याची साधनं ‘तात्पुरती’ समजून परत करू नका.

जमिनीवर बसणं आणि तिथून एकट्याने उठणं सगळ्यात शेवटी येतं, बहुधा ३ महिन्यांनंतर, परवानगी मिळाल्यावर. शेजारी भक्कम खुर्ची ठेवा. तिच्या सीटवर दोन्ही हात, एक गुडघा खाली, मग दुसरा, मग हातांवर भार घेत बाजूने ढुंगण टेका. उठताना कुशीवर या, हातगुडघ्यांवर या, खुर्चीपर्यंत रांगा, तळवे सीटवर ठेवा, ताकदीचा पाय पुढे घेऊन तळपाय टेकवा आणि त्या पायावर जोर देऊन सरळ वर. पहिल्या काही वेळा घरात कुणीतरी असावं. त्यांनी हात न लावता नुसतं उभं राहायचं.